‘दोनच तर पायऱ्या आहेत’ : जागा भाड्याने देणाऱ्यांना एक खुले पत्र

प्रति,
सभागृहं, बैठकीच्या खोल्या, कार्यालयं, मुक्कामाच्या खोल्या आणि राहती घरं भाड्याने देणारे सर्व मालक, व्यवस्थापक आणि मध्यस्थ यांस,

स. न. वि. वि.

व्हीलचेअर वापरायला लागून मला अठरा वर्षं झाली. या काळात सभेसाठी, कामासाठी, मुक्कामासाठी आणि राहण्यासाठी जागा शोधताना मी जे फोन केले, ते साधारण एकाच वळणाने जातात. मी विचारते, “व्हीलचेअर आत येईल का?” पलीकडून लगेच उत्तर येतं, “येईल ना, काहीच अडचण नाही.” मी पुन्हा विचारते, “दारात पायऱ्या आहेत का?” मग थोडा वेळ शांतता, आणि त्यानंतर : “दोनच तर आहेत. आमची मुलं आहेत ना, उचलून घेतील तुम्हाला.”

हे पत्र त्या ‘दोनच’बद्दल आहे, आणि त्या ‘उचलून घेतील’बद्दलही.

असं म्हणणाऱ्या माणसाच्या मनात काही वावगं नसतं, हे मी आधीच मान्य करते. त्याला खरोखर मदत करायची असते. म्हणूनच त्याला नाही म्हणणं जड जातं, आणि अनेकदा मी नाही म्हटलेलंही नाही. पण उचललं जाणं म्हणजे काय, हे तुम्हाला आजवर कुणी सांगितलं नसेल तर मी सांगते.

एका कार्यक्रमात मला बोलायला बोलावलं होतं. सभागृहाच्या दाराशी चार पायऱ्या होत्या. चौघे जण पुढे आले आणि त्यांतल्या एकाने माझ्या खुर्चीचा हातटेका धरला. माझ्या खुर्चीचे हातटेके काढता-घालता येतात, कारण खुर्चीतून पलंगावर सरकताना ते आड येतात. तिसऱ्या पायरीवर तो हातटेका त्या माणसाच्या हातात निघून आला. मी पडले नाही, कारण मागच्या मुलाने स्वतःच्या छातीने खुर्ची अडवली. व्यासपीठापर्यंत पोचले तेव्हा माझे हात थरथरत होते आणि जे बोलायचं ठरवून आले होते त्यातलं निम्मं मी विसरून गेले. कार्यक्रम संपला, लोक पांगले. ते चौघेही निघून गेले होते. पुन्हा चार जण जमेपर्यंत मी पाऊण तास आतच बसून होते आणि सभागृहातले दिवे एकेक करून बंद होत होते.

माझी खुर्ची तरी हलकी आहे. बॅटरीवर चालणाऱ्या खुर्चीचं वजनच शंभर किलोच्या पुढे जाऊ शकतं, मग त्यात बसलेला माणूस धरून ती कोण उचलणार? काहींची हाडं ठिसूळ असतात, चुकीच्या जागी धरलं की मोडतात. काहींचे पाय अचानक आखडतात आणि उचलणाऱ्याचाही तोल जातो. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी एक प्रश्न उरतोच. अनोळखी माणसांनी माझ्या अंगाला हात लावायचा की नाही, हे दारातच, सगळ्यांच्या देखत, दहा सेकंदांत ठरवायची वेळ माझ्यावर का यावी?

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात जॉर्ज लेन यांच्यावर ही वेळ चक्क न्यायालयात आली. ते व्हीलचेअर वापरत. सुनावणी वरच्या मजल्यावर होती आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. पहिल्या तारखेला ते जिन्याचे दोन टप्पे सरपटत चढून गेले. पुढच्या वेळी त्यांनी सरपटायला नकार दिला आणि उचलून न्यायलाही. हजर राहिले नाहीत म्हणून त्यांना अटक झाली. हे प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लेन यांच्या बाजूने लागला. मला त्या निकालाइतकाच त्यांचा तो दुसरा नकार महत्त्वाचा वाटतो. ‘उचलून नेतो’ ही सोय होत नाही, हे त्यांनी तुरुंगात जाण्याची तयारी ठेवून सांगितलं.

‘युनिव्हर्सल डिझाइन’ हा शब्द तुमच्यापैकी अनेकांनी वास्तुविशारदांच्या तोंडी ऐकला असेल. इमारत पहिल्यापासूनच शक्य तितक्या सगळ्यांना वापरता येईल अशी आखायची, असा त्याचा अर्थ. तो शब्द रूढ करणारे अमेरिकी वास्तुविशारद रोनाल्ड मेस यांना लहानपणी पोलिओ झाला होता. वास्तुकला शिकायला ते विद्यापीठात गेले, तेव्हा वर्गात पोचण्यासाठी त्यांना जिन्यावरून उचलून न्यावं लागे आणि त्यांची खुर्ची तिथल्या स्वच्छतागृहात शिरत नसे. ज्या इमारतीत इमारती कशा बांधाव्यात हे शिकवलं जात होतं, तिची ही गत. पुढे १९७३ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्याने अडथळामुक्त बांधकामाचे नियम लागू केले, त्यांच्या घडणीत मेस यांचा मोठा वाटा होता.

आता माझी मागणी. ती ऐकून लगेच खर्चाचा विचार करू नका, कारण पहिल्या मागणीला मोजपट्टीपलीकडे काही लागत नाही. आपली जागा रस्त्यापासून शौचालयापर्यंत मोजा आणि ते आकडे जाहिरातीत लिहा.

‘व्हीलचेअर-फ्रेंडली’ किंवा ‘सर्व सोयींनी युक्त’ या शब्दांवरून मला काहीच कळत नाही. ‘मुख्य दाराची मोकळी रुंदी ८२ सेंटीमीटर, दारात १४ सेंटीमीटरची एक पायरी, लिफ्टचं दार ७५, शौचालयाचं दार ६०’ एवढ्यावरून सगळं कळतं. तुमची जागा कदाचित मला चालणार नाही, पण कुबड्या घेऊन चालणाऱ्या माझ्या मैत्रिणीला चालेल. तिला पायऱ्यांपेक्षा गुळगुळीत फरशीची जास्त भीती वाटते. ते आमचं आम्ही ठरवू. मात्र तुम्ही ‘हो’ म्हणालात म्हणून मी अर्धा दिवस प्रवास करून यावं आणि दारातूनच परत फिरावं, हे व्हायला नको. असं एकदा नाही, अनेकदा झालंय.

मोजताना एक चूक जवळजवळ सगळेच करतात. दाराची रुंदी चौकटीच्या आतल्या बाजूने मोजतात. तसं नका करू. दार काटकोनात उघडा आणि उघडलेल्या फळीपासून समोरच्या चौकटीपर्यंत मोजा, कारण वाट मिळते ती तेवढीच. फळी आणि बिजागऱ्या मिळून काही सेंटीमीटर सहज खातात. माझी खुर्ची ६४ सेंटीमीटर रुंद आहे, पण चाकं हातांनी ढकलायची तर बोटांच्या सांध्यांनाही दोन्हीकडे जागा हवी. ६६च्या दारातून मी जाते, सालपटं काढून घेत. अमेरिकी नियमांत दाराची मोकळी वाट किमान साडेएक्याऐंशी सेंटीमीटर ठेवावी लागते. नव्याने बांधत असाल तर ९० ठेवा, म्हणजे पुढे कुणाचीच अडचण होणार नाही. उंबरठाही मोजा. तो सव्वा सेंटीमीटरहून उंच असला तर पुढची लहान चाकं अडकतात आणि बसलेला माणूस पुढे फेकला जातो. दारातून आत आल्यावर खुर्ची जागेवर वळवायला साधारण दीड मीटर व्यासाचं मोकळं वर्तुळ लागतं. बऱ्याच जागांमध्ये ते असतं, फक्त तिथे कुंडी किंवा जास्तीच्या खुर्च्यांची चळत ठेवलेली असते.

उताराबद्दलही थोडं. “आम्ही रॅम्प केलाय” असं सांगतात आणि प्रत्यक्षात दोन पायऱ्यांवर टेकवलेली हातभर फळी असते. अनेक ठिकाणी मान्य असलेलं प्रमाण आहे एकास बारा. म्हणजे एक सेंटीमीटर चढायला बारा सेंटीमीटर लांबी. पंधरा-पंधरा सेंटीमीटरच्या दोन पायऱ्या असतील तर उताराची लांबी ३ मीटर ६० सेंटीमीटर भरते. तीच उंची एका मीटरमध्ये चढवली तर खुर्ची मागच्या मागे उलटते, आणि मागून ढकलणारा माणूस तिच्याखाली सापडतो. ‘दोनच’ पायऱ्या म्हणजे साडेतीन मीटरहून लांब उतार, हे एकदा डोळ्यांसमोर आलं की पुढच्या वेळी तुम्ही ‘दोनच’ म्हणणार नाही असं मला वाटतं. जागा कमी असेल तर उताराला वळण देता येतं, मध्ये सपाट टप्पा ठेवता येतो किंवा छोटी उभी लिफ्ट बसवता येते. कडेला कठडा मात्र हवाच, आणि पावसात न घसरणारा पृष्ठभागही.

स्वच्छतागृहाबद्दल मला जरा सविस्तर बोलू द्या. बाकी सगळं जमलेली जागा बहुतेक वेळा इथे फसते. आमच्यापैकी अनेक जण अनोळखी ठिकाणी जायचं असलं की सकाळपासून पाणी पीत नाहीत. चहाही टाळतात. दिवसभराची परिषद असली तर संध्याकाळी डोकं ठणकतं. मूत्रमार्गाचे आजार आमच्यात नवे नाहीत आणि पाणी न पिण्याची ही सवय ते वाढवते. तुमच्या सभागृहात मी जेवणाच्या वेळी काही न घेता बसलेली दिसले, तर मला भूक नाही असं समजू नका.

आणि जिथे दिव्यांगांसाठी वेगळं स्वच्छतागृह असतं तिथेही काय दिसतं? दार उघडावं तर आत झाडू, बादल्या, मोडकी खुर्ची आणि मागच्या कार्यक्रमाचे फलक. किंवा दाराला कुलूप, आणि किल्ली ज्याच्याकडे आहे तो माणूस आज सुट्टीवर. हे मी एखाद्या वेळचं सांगत नाहीये. हे इतकं नेहमीचं आहे की मी आता कार्यक्रमाच्या आधी पोचून पहिल्यांदा ते दार उघडून बघते.

तिथे काय हवं, तेही सांगते. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं किंवा सरकतं असावं. आत कुणी पडलं आणि दार आत उघडणारं असलं, तर पडलेल्याच्याच अंगाने ते अडतं आणि मदतीला येणाऱ्याला ढकलता येत नाही. कमोडच्या किमान एका बाजूला खुर्ची उभी करण्याइतकी मोकळी जागा असावी, कारण आम्ही उभे राहून बसत नाही, खुर्चीवरून तिरके सरकतो. कमोडची बैठक जमिनीपासून ४३ ते ४८ सेंटीमीटरच्या दरम्यान असली तर हे सरकणं जमतं. आधाराचा दांडा भिंतीत पक्का बसवलेला हवा, कारण त्यावर माणसाचं पूर्ण वजन येतं. एका ठिकाणी दांड्याच्या जागी टॉवेल अडकवायची नळी लावली होती. ती माझ्या हातात भिंतीच्या तुकड्यासकट आली. मदतीसाठी ओढायची दोरी असेल तर ती जमिनीपर्यंत लोंबती राहू द्या. सफाईच्या वेळी ती गुंडाळून वर बांधून ठेवतात. पडलेल्या माणसाचा हात तिथवर कसा पोचणार?

आतापर्यंत मी माझ्याच खुर्चीबद्दल बोलले. पण अडणारे सगळेच चाकांवर नसतात. माझा एक दृष्टिहीन सहकारी म्हणतो की त्याला पायऱ्यांचा काहीच त्रास नाही, त्याला त्रास आहे तो भिंतीतून बाहेर आलेल्या वस्तूंचा. अग्निशामक, उघडी खिडकी, जिन्याची तिरकी खालची बाजू. पांढरी काठी जमिनीलगतचं सांगते, छातीच्या उंचीवर पुढे आलेली पेटी तिला लागतच नाही, ती थेट कपाळाला लागते. अंधुक दिसणाऱ्यांना पायरीची कड दिसावी म्हणून तिच्यावर गडद किंवा उजळ रंगाची पट्टी पुरते, आणि काचेच्या दारावर डोळ्यांच्या उंचीला एक ठळक खूण. रेल्वे स्थानकावर पायाला जाणवणाऱ्या उंचवट्यांच्या पिवळ्या फरश्या तुम्ही पाहिल्या असतील. जपानमधल्या सेइइची मियाके यांनी त्या तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरातल्या अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या पहिल्यांदा बसल्या. आज त्या जगभर आहेत. फक्त त्यांच्यावर दुचाकी उभ्या करू नयेत, एवढं सांभाळलं तरी पुष्कळ.

ऐकू न येणाऱ्या माणसाला तर तुमच्या दारापर्यंत यायचीही गरज पडत नाही, तो जाहिरातीतच अडतो. तिथे लिहिलेलं असतं, ‘फक्त फोनवर संपर्क साधावा’. लेखी संदेश पाठवायची सोय ठेवा, इतकंच. सभागृहात बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर आणि सांकेतिक भाषेच्या दुभाष्यावर उजेड पडेल अशी व्यवस्था करा. पडद्यावर काही दाखवताना सगळे दिवे मालवले की दुभाष्याचे हात अंधारात जातात. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांसाठी ‘इंडक्शन लूप’ नावाची तारेची योजना असते, जिच्यामुळे माइकचा आवाज गोंगाट वगळून थेट त्यांच्या यंत्रात पोचतो. काही सभागृहांत ती बसवलेली असते आणि ती चालू कशी करायची हे तिथल्या एकाही कर्मचाऱ्याला माहीत नसतं. मुकामार लागावा तशी गर्दी आणि आवाज ज्यांना लागतात, अशा स्वमग्न व्यक्तींसाठी एक शांत खोली राखून ठेवता आली तर ते संपूर्ण कार्यक्रमाला थांबू शकतात.

आग लागली तर काय करायचं, हेही एकदा ठरवून ठेवा. तेव्हा लिफ्ट वापरू नका अशी सूचना सगळीकडे लावलेली असते. मग तिसऱ्या मजल्यावरच्या व्हीलचेअरवाल्याने काय करावं, याचं उत्तर मला आजवर फार थोड्या व्यवस्थापकांनी दिलंय.

राहत्या घरांचे मालक हो, आता थोडं तुमच्याशी. सभागृहात मी चार तास अडते, घरात वर्षानुवर्षं. मला नकार मिळाला तो बहुधा काळजीच्या शब्दांत. “तुम्हालाच त्रास होईल हो.” माझ्या त्या दृष्टिहीन सहकाऱ्याला एका मालकाने विचारलं होतं, “गॅस कोण पेटवणार?” तो दहा वर्षं एकट्याने राहून स्वतःचा स्वयंपाक करत होता. हे सांगूनही घर मिळालं नाही. जे घर मला अखेर मिळालं, तिथे न्हाणीघरात दोन आधाराचे दांडे लावायची परवानगी मी मागितली. खर्च माझा, सोडताना भिंत पूर्ववत करून देईन, हेही लिहून दिलं. उत्तर आलं, टाइल्सना भोकं पडतील. त्या घरात मी दोनदा पडले आणि मग ते सोडलं.

ही परवानगी मागणं म्हणजे काही जगावेगळं मागणं नाही. अमेरिकेत घरं देताना भेदभाव करायला मनाई करणाऱ्या कायद्यात १९८८ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर भाडेकरूला स्वतःच्या खर्चाने असे वाजवी बदल करू देणं घरमालकांवर बंधनकारक आहे. आपण कुठे आणि कुणाबरोबर राहायचं हे निवडण्याचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या दिव्यांग हक्क करारातही आहे, त्याच्या १९व्या कलमात. त्याच कराराचं ९वं कलम सांगतं की लोकांसाठी खुल्या असलेल्या जागा खासगी मालकीच्या असल्या तरी त्या सर्वांना वापरता येतील हे पाहावं.

दिव्यांगांच्या हक्कांसाठी लढलेले अमेरिकी कार्यकर्ते एड रॉबर्ट्स यांची गोष्ट इथे सांगावीशी वाटते. पोलिओमुळे त्यांना मानेखाली फारशी हालचाल करता येत नसे आणि झोपताना ‘लोखंडी फुप्फुस’ हे श्वास चालू ठेवणारं यंत्र लागे. १९६२ मध्ये ते बर्कलीच्या विद्यापीठात शिकायला गेले, तेव्हा ते अवजड यंत्र पेलेल अशी खोली एकाही वसतिगृहात नव्हती. म्हणून त्यांना विद्यापीठाच्या रुग्णालयात राहावं लागलं. आजारी नसलेला विद्यार्थी रुग्णालयात, कारण खोली नाही! त्यांच्यासारखे आणखी विद्यार्थी तिथे आले, एकत्र आले, आणि १९७२ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी स्वतंत्र राहू इच्छिणाऱ्या दिव्यांगांसाठी केंद्र उभारलं. राहण्याजोगं घर शोधून देणं हे त्या केंद्राचं एक महत्त्वाचं काम होतं. पन्नासहून अधिक वर्षांनंतरही मी तेच काम करतेय, स्वतःसाठी.

“पण असे लोक आमच्याकडे येतच नाहीत,” हे मला नेहमी सांगितलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात सुमारे १३० कोटी लोकांना लक्षणीय स्वरूपाचं अपंगत्व आहे, म्हणजे दर सहा माणसांमागे एक. ते येत नाहीत कारण त्यांनी आधी फोन केला होता आणि ‘दोनच पायऱ्या’ ऐकून तो ठेवला होता. त्यांच्याबरोबर त्यांचं अख्खं कुटुंब किंवा सगळी मित्रमंडळी दुसरीकडे गेली, हे तुम्हाला कधी कळलंच नाही.

जुनी इमारत असेल, जिना दगडी असेल, मालकी अनेकांची असेल, हे सगळं मी समजू शकते. सगळं एका वर्षात बदलणार नाही. पण गोल मुठीऐवजी दाबायची कडी लावणं, पायऱ्यांच्या कडा रंगवणं, स्वच्छतागृहातलं सामान हलवणं आणि कर्मचाऱ्यांना किल्लीची जागा सांगणं या आठवड्यात होऊ शकतं. मोठ्या कामाआधी वास्तुविशारदाबरोबर एखाद्या व्हीलचेअर वापरणाऱ्याला आणि एखाद्या दृष्टिहीन व्यक्तीला जागेवर बोलवा, आणि सल्ल्याचं मानधन द्या. कागदावर बरोबर असलेला दांडा भिंतीच्या चुकीच्या बाजूला लागलाय, हे त्यांना एका नजरेत किंवा एका हातात कळतं.

एक चौकशी करून थांबते. आमच्या गटाची बारा जणांची बैठक आहे, दोन दिवस, मुक्कामासह. तीन व्हीलचेअर आहेत, त्यांतली एक बॅटरीवर चालणारी. दोघे दृष्टिहीन आहेत आणि एकीला ऐकू येत नाही, तिच्यासोबत दुभाषी असेल. तुमच्याकडे जागा असेल तर कृपया लिहून कळवा : रस्त्यापासून दारापर्यंत पायऱ्या किती आणि प्रत्येक केवढी, दार पूर्ण उघडल्यावर वाट किती मिळते, लिफ्टचं दार किती रुंद आणि ती आतून किती खोल, शौचालयाचं दार कोणत्या बाजूला उघडतं, आणि कमोडशेजारी किती जागा आहे. शक्य असेल तर मोजपट्टी धरलेले फोटोही पाठवा.

उत्तराची वाट पाहते आहे.

आपली,
जागा शोधणारी एक भाडेकरू